शीतकालीन चारधाम दर्शन आणि हिमालयातील घाटरस्ते

दिवाळी संपताच हिमालयातील चारधामांची कपाटे एकामागून एक बंद होऊ लागतात. अन्नकुटाच्या दिवशी गंगोत्री, यमद्वितीयेस म्हणजे भाऊबीजेस यमुनोत्री व केदारनाथ आणि त्यानंतर काही दिवसांनी, विजयादशमीस जाहीर झालेल्या मुहूर्तावर, बदरीनाथ. तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवरील ही स्थाने पुढील सहा महिने हिमाच्छादित असतात. बदरीनाथी सहा महिने मानव पूजा करतात आणि उरलेले सहा महिने देवांची पूजा चालते, अशी श्रद्धा आहे.

यावरून हिवाळ्यात चारधामांचे दर्शनच घडत नाही, असा अनेक भाविकांचा समज होतो. तो बरोबर नाही. केदारनाथांची चल विग्रह डोली खांद्यावरून पायी निघते, वाटेत रामपूर व गुप्तकाशी येथे मुक्काम करते आणि उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात विराजमान होते. गंगामाता हर्षिलजवळच्या मुखबा गावी येते. यमुनामातेस माहेरी न्यायला तिचे बंधू शनिदेव यांची डोली येते व भावाबहिणीच्या डोल्या एकत्र खरसाली गावी उतरतात. बदरीनाथांकडील उद्धव व कुबेर पांडुकेश्वर येथील योगध्यान बदरी मंदिरात राहतात आणि आदि शंकराचार्यांची गादी ज्योतिर्मठ, म्हणजेच जोशीमठ, येथील नृसिंह मंदिरात आणली जाते. तेथे हिवाळाभर नित्यपूजा चालते व दर्शन खुले असते.

या परंपरेत यात्रेकरूने ध्यानी घ्यावी अशी एक गोष्ट आहे. हिमवृष्टी सुरू होण्यापूर्वी देवच माणसांपर्यंत खाली येतात. बर्फ तुडवून वर या, असे या परंपरेत कोठेही सांगितलेले नाही. तरीही प्रत्येक हिवाळ्यात काही वाहने बर्फाने अडलेल्या घाटात अंधारात अडकतात, कारण ठरलेले वेळापत्रक मोडू नये असा आतील मंडळींचा हट्ट असतो. उत्तराखंड शासनाने डिसेंबर २०२४ पासून शीतकालीन यात्रेस विशेष चालना दिली आणि ६ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांनी मुखबा येथे दर्शन घेतले. त्यानंतर या स्थानांची माहिती दूरवर पोहोचली व महाराष्ट्रातूनही भाविक स्वतःची वा भाड्याची वाहने घेऊन जाऊ लागले आहेत. पुढील विवेचन त्यांच्यासाठी आहे.

सह्याद्रीचा अनुभव कोठे पुरतो, कोठे पुरत नाही

बोरघाट, कसारा, आंबेनळी अशा घाटांत वर्षानुवर्षे गाडी चालविलेल्या चालकास वळणाचे भय नसते. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवावी, न्यूट्रलमध्ये सोडू नये, ब्रेक सतत दाबून तापवू नयेत, चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, हे नियम सह्याद्रीत जसे आहेत तसेच हिमालयातही आहेत. परंतु सह्याद्रीत संकट येते ते पावसाळ्यात : धुके, दरड, चिखल. ते डोळ्यांना दिसते. गढवालातील हिवाळ्याचे मुख्य संकट बहुधा दिसत नाही.

उंची एक हजार मीटरांनी वाढली की तापमान साधारणतः साडेसहा अंशांनी उतरते. हरिद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरांवर आहे, तर खरसाली व मुखबा अडीच हजार मीटरांच्याही वर आहेत. म्हणजे हरिद्वारला रात्री आठ अंश तापमान असेल, तर ढोबळ हिशेबाने वर ते शून्याखाली सहा-सात अंश असते. दुपारी रस्त्याकडेचे बर्फ वितळते, त्याचे पाणी डांबरावरून आडवे वाहते आणि सूर्य डोंगराआड जाताच तेच पाणी गोठते. आकाश निरभ्र असले, बर्फ अजिबात पडले नसले, तरीही पहाटे रस्त्यावर दवाचा थर गोठलेला असतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या कडाक्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या मराठी वाचक कौतुकाने वाचतो. तेच दव हिमालयातील वळणावर, चाकाखाली, कौतुकाचे राहत नाही.

गढवालात यास 'पाला' म्हणतात. पुढे पाला पडतो, सावकाश चला, अशा अर्थाचे फलक रस्त्याकडेला आढळतात. मराठी माणसास पाला म्हणजे झाडाची पाने, हिंदीतील पाला म्हणजे गोठलेले दव. फलक वाचून 'पालापाचोळा पडत असेल' असे समजून वेग कमी न करणे ही गंमत वाटेल, पण या शब्दाचा अर्थ गाडीतील प्रत्येकाने घर सोडण्यापूर्वीच जाणून घेणे इष्ट.

पाला नेमका कोठे सापडतो, याचे काही आडाखे आहेत. डोंगराच्या उत्तर बाजूची वळणे, जेथे हिवाळ्यात सूर्यकिरण जवळजवळ पोहोचतच नाहीत. दाट झाडीतील रस्ता. ओढ्यावरील मोऱ्या. आणि पूल, कारण पुलाच्या वरून व खालून दोन्हीकडून थंड वारा वाहतो, म्हणून आजूबाजूचा रस्ता कोरडा असतानाही पूल गोठलेला असू शकतो. असा पापुद्रा पारदर्शक असतो. खालचे काळे डांबर त्यातून दिसते आणि रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. पुढच्या वाहनाच्या चाकांकडे पाहावे. रस्ता ओला दिसत असूनही चाकांखालून पाणी उडत नसेल, तर ते पाणी नसून बर्फ आहे. चाकांचा आवाज एकाएकी मंदावणे व स्टिअरिंग हलके लागणे, या खुणाही तेच सांगतात.

वेगाचा हिशेब

कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर साधारण नऊ-दहा मीटरांत थांबते. त्याच वेगाने गोठलेल्या रस्त्यावर तिला साठ मीटरांहून अधिक अंतर लागू शकते आणि तेही सपाट रस्त्यावर. उतारावर हे अंतर आणखी वाढते. घाटातील दोन वळणांमध्ये एवढे अंतर पुष्कळदा नसतेच. वेग ताशी २० वर आणला की तेच अंतर पंधरा-सोळा मीटरांवर येते. वेग निम्मा केल्यास थांबण्याचे अंतर चौथाई होते. हा हिशेब ज्यास पटला, त्याला मागून हॉर्न वाजविणाऱ्या वाहनाची लाज वाटत नाही. आणखी एक अनपेक्षित गोष्ट अशी की, बर्फ सर्वांत निसरडे असते ते कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे सकाळी वितळू लागताना. त्यामुळे 'ऊन पडले, आता भीती नाही' हा विचार पहिल्या उन्हात तरी करू नये.

गोठलेल्या रस्त्यावर कोणतीही क्रिया झटक्याने करू नये : ब्रेक नाही, वळणही नाही, वेग वाढविणेही नाही. वेग वळणाच्या आधी, रस्ता सरळ असतानाच कमी करावा. उतरताना दुसरा किंवा पहिला गिअर ठेवून इंजिनाच्या रोधानेच गाडी सावरावी. चाके फिरूनही गाडी जागची हलत नसेल, तर ॲक्सिलरेटर दाबत राहिल्याने चाकांखालचे बर्फ अधिकच गुळगुळीत होते. दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघण्याचा प्रयत्न करावा अथवा चाकापुढे माती, राख वा वाळू पसरावी. गाडी घसरू लागल्यास ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेकवर जोर देऊ नये आणि जेथे जायचे त्या दिशेस नजर ठेवून स्टिअरिंग हळुवार फिरवावे. दरीकडे पाहत राहिल्यास हात नकळत तिकडेच वळतात. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेकचे पेडल थरथरते. तो बिघाड समजून पाय उचलू नये. चढणाऱ्या वाहनास वाट देण्याचा नियम येथे केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. चढावर बर्फात एकदा थांबलेली गाडी पुन्हा निघेलच असे नसते.

ताज्या बर्फातून जावयाचे असल्यास चाकांना साखळ्या लावाव्या लागतात. त्या ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते त्यांनाच लावावयाच्या असतात, वेग ताशी तीस किलोमीटरांच्या आत ठेवावयाचा असतो आणि मोकळा रस्ता लागताच काढावयाच्या असतात. घाटात, काळोखात, गोठलेल्या बोटांनी त्या प्रथमच उघडून पाहण्यात अर्थ नाही. स्वतः कधी साखळी न बांधलेल्या चालकाने साखळीच्या भरवशावर पुढे जाण्यापेक्षा स्थानिक चालकाची गाडी घ्यावी. सर्वांत चांगला मार्ग तोच. हरिद्वार, ऋषिकेश वा डेहराडूनपर्यंत रेल्वेने जाऊन तेथून गढवाली चालकासह वाहन घेतले, तर यात्रेचा थोडा खर्च वाढतो आणि पुष्कळ चिंता कमी होते. व्यावसायिक वाहनाच्या चालकाकडे डोंगरी रस्त्यासाठीची नोंद असलेला परवाना आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

वाटेतील घाट

चारही शीतकालीन स्थाने एका फेरीत करावयाची, तर काही उंच जागा ओलांडाव्या लागतात. खरसालीहून मुखब्याकडे जाताना बडकोट व धरासू यांच्या दरम्यान राडी घाट लागतो. दाट जंगलातील हा माथा मोठी हिमवृष्टी झाली की बंद होतो आणि यमुनेचे खोरे भागीरथीच्या खोऱ्यापासून तुटते. या घाटास पर्याय म्हणूनच सिलक्यारा ते बडकोट हा सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यात दरड कोसळून ४१ कामगार अडकले व सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, सर्वजण सुखरूप बाहेर आले, हे साऱ्या देशास आठवत असेल. १६ एप्रिल २०२५ रोजी तो बोगदा आरपार झाला. त्यातून वाहने सोडतात किंवा कसे, याची चौकशी निघताना बडकोटलाच करावी. घाट बंद असल्यास यमुनेकाठाने परत डेहराडूनला उतरून ऋषिकेश व चंबामार्गे धरासूस यावे लागते. यात एक पूर्ण दिवस जातो. तो दिवस वेळापत्रकात आधीच मोकळा ठेवावा.

उत्तरकाशीहून मुखब्यास जाताना गंगनानीच्या पुढे सुक्खीचा चढ आहे. नागमोडी वळणांचा हा माथा ओलांडल्यावर रस्ता झाला व हर्षिलकडे उतरतो. चढापेक्षा हा उतारच जपण्याचा आहे. मुखब्याच्या समोर, नदीपलीकडे धराली गाव आहे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगेच्या प्रलयाने ते उद्ध्वस्त झाले आणि या खोऱ्यातील रस्त्याचीही हानी झाली. म्हणून येथील रस्त्याची स्थिती उत्तरकाशीस विचारूनच पुढे जावे.

सर्वाधिक मोह पडतो तो चोपत्याच्या वाटेचा. उखीमठहून जोशीमठास जाण्यासाठी चोपता, मंडल, गोपेश्वर हा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, आणि उन्हाळ्यात तो जवळचा असतोही. चोपता सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे व तेथून मंडलपर्यंत जंगल आहे, वस्ती जवळजवळ नाही. डिसेंबरअखेरीपासून येथे बर्फ पाहावयास येणाऱ्या हौशी मंडळींची वाहने एकमेकांत अडकून रस्ता तुंबतो. तुंगनाथाची कपाटेही तेव्हा बंद असतात, त्याची शीतकालीन पूजा मक्कूमठ येथे होते. दर्शनार्थींनी हा मोह टाळावा. उखीमठहून परत रुद्रप्रयागास उतरावे व अलकनंदेच्या काठाने कर्णप्रयाग, चमोली, जोशीमठ असे जावे. अंतर वाढते, पण रस्ता बराचसा खोऱ्यातून जातो आणि वाटेत गावे, पंप व दवाखाने आहेत. उखीमठ स्वतः तेराशे मीटरांच्या आसपास असल्याने चारही स्थानांत तेथपर्यंतचा प्रवास सर्वांत सुलभ. वृद्ध भाविक सोबत असतील, तर उखीमठ व जोशीमठ या दोनच स्थानांची यात्रा योजावी, असे सुचवावेसे वाटते. पांडुकेश्वर जोशीमठाच्या पुढे सुमारे वीस किलोमीटरांवर आहे. हवा स्वच्छ असता तेही दुपारपूर्वी होऊन जाते.

वेळेविषयी एक सूचना. डिसेंबरात गढवालात सूर्यास्त सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास होतो, पुण्या-मुंबईपेक्षा सुमारे पाऊण तास आधी. खोल दरीतील रस्त्यावर तर ऊन दुपारी तीन-चारलाच नाहीसे होते व पाणी गोठू लागते. सकाळी नऊनंतर निघून चारपूर्वी मुक्कामी पोहोचावे. 'पहाटे लवकर निघू, म्हणजे दिवस मोठा मिळेल' ही मैदानातील शहाणी सवय येथे उलटते. एका दिवसात शंभर-सव्वाशे किलोमीटरांहून अधिक मजल धरू नये. नवे रुंद रस्ते झाल्याने वेग सहज वाढतो, पण पाला रुंद रस्त्यावरही पडतो.

अडकल्यास

सर्व काळजी घेऊनही गाडी बर्फात अडकू शकते. अशा वेळी सर्वांत मोठा धोका थंडीचा वाटतो, परंतु दुसरा एक धोका अधिक फसवा आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या डोंगरी ठिकाणी हिमवादळात शेकडो वाहने अडकली व किमान २२ जण मृत्युमुखी पडले. गाडीतच मरण पावलेल्यांपैकी अनेकांचा बळी विषारी वायूने घेतला. ऊब मिळावी म्हणून इंजिन व हीटर चालू ठेवला जातो, बाहेर साचणारे बर्फ धुराचे नळकांडे बुजविते आणि कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरू लागतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके दुखते, झोप येते, आणि ती झोप थंडीची वाटते.

म्हणून नळकांड्याभोवतीचे बर्फ हाताने वा फावड्याने वारंवार काढावे. इंजिन तासातून दहा मिनिटेच चालवावे, तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. गाडी सोडून अंधारात पायी निघू नये. ११२ या क्रमांकावर कळवावे, सर्वांनी जवळजवळ बसावे, घोंगड्या पांघराव्यात. प्रत्येक गाडीत घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या, गूळ-शेंगदाण्यासारखा कोरडा खाऊ, विजेरी, लहान फावडे व नित्याची औषधे असावीत. ही सामग्री पायाशी असावी, टपावर बांधलेल्या सामानात नव्हे.

हाच वायू मुक्कामाच्या खोलीतही जीव घेतो. कोळशाची पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपल्यामुळे उत्तर भारतात दर हिवाळ्यात मृत्यू घडतात. यजमानाने आपुलकीने शेगडी आणून दिली, तर तिच्याभोवती जरूर शेकावे, पण निजण्यापूर्वी ती खोलीबाहेर ठेवावी.

वाहनाची तयारी

महाराष्ट्रातून गाडी नेणाऱ्यांनी रेडिएटरमध्ये साधे पाणी ठेवू नये. ते गोठून प्रसरण पावते व इंजिन फुटू शकते. योग्य प्रमाणातील कूलंट भरून घ्यावे. थंडीत बॅटरीची ताकद घटते. जुनी असेल तर निघण्यापूर्वीच बदलावी. झिजलेले टायर बर्फात चालत नाहीत. डिझेल थंडीने घट्ट होते, म्हणून टाकी अर्धी होण्याआधीच बडकोट, उत्तरकाशी, जोशीमठ येथे भरावी. रात्री गाडी उभी करताना ओला हँडब्रेक गोठून चिकटू शकतो. सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवावी व चाकांखाली दगड लावावेत. सकाळी काचेवरील बर्फ काढण्यास उकळते पाणी ओतू नये, काच तडकते.

बंद घाटापाशी पोलीस वा रस्ता साफ करणारे कर्मचारी थांबवतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये. देवदर्शनास आलो आहोत, दुरून आलो आहोत, असे सांगितल्याने बर्फ वितळत नाही. अशा वेळी मागच्या गावी मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशीही रस्ता न उघडल्यास उरलेले स्थान सोडून परत फिरावे. पुढील कपाटे उघडण्याचे मुहूर्त हिवाळ्यातच ठरतात : बदरीनाथांचा वसंतपंचमीस नरेंद्रनगरच्या राजदरबारात आणि केदारनाथांचा महाशिवरात्रीस उखीमठ येथे. गंगोत्री व यमुनोत्रीची कपाटे परंपरेने अक्षय्यतृतीयेस उघडतात. राहिलेले दर्शन त्यानंतर मूळ स्थानीच घेता येते.